न दिसणाऱ्या तळ्याभोवती

"अगं, पण तळं कुठाय?"

ताईनं हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आम्ही वीसेक किलोमीटर आलो असू. प्रश्न रास्त होता. या तळ्याला सायकलनं प्रदक्षिणा घालायची म्हणून दोन महिने मी नकाशे धुंडाळले होते आणि प्रत्येक नकाशात ते निळं, लांबुळकं तळं रस्त्याला अगदी खेटून होतं. ऑस्ट्रियातल्या नॉयझीडल गावातून डावी प्रदक्षिणा घालून निघालो की तीन दिवस पाणी डाव्या हाताला, असं मी ताईला छातीठोकपणे सांगितलं होतं. प्रत्यक्षात डाव्या हाताला द्राक्षवेलींच्या रांगा होत्या, त्यांच्या पलीकडे फिकट पिवळसर हिरवा पट्टा आणि त्यावर थेट आकाश. पाण्याचा थेंब नाही.

तो पिवळसर पट्टा हेच तळं होतं, हे कळायला मला अर्धा दिवस लागला. नॉयझीडलर झे व्हिएन्नाच्या आग्नेयेला, ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या सीमेवर आहे. हंगेरीत त्याला फर्ट्यो म्हणतात. क्षेत्रफळ सुमारे 315 चौरस किलोमीटर, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग बोरूच्या रानानं व्यापलेला. आपल्याकडे पूर्वी ज्याची लेखणी करायचे तोच हा बोरू, पण इथे तो दोन पुरुष उंच वाढतो आणि पश्चिम किनाऱ्यावर काही ठिकाणी त्याची रुंदी चार-पाच किलोमीटर भरते. उसाच्या फडाच्या कडेनं जाताना पलीकडची विहीर जितकी दिसेल, तितकंच हे तळं दिसतं. वारा आला की मात्र त्या रानातून एक लांबच लांब सळसळ धावत जाते. डोळे मिटून ऐकलं तर पाणीच वाटावं.

"म्हणजे आपण ऐकायला आलोय," ताई म्हणाली आणि बॅटरीचं बटण एक घर वर सरकवून पुढे निघून गेली.

ताईच्या ई-बाईकवरून आमचं सुरुवातीलाच वाजलं होतं. ती त्रेसष्ट वर्षांची, मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान. साधी सायकल चालवायचा हट्ट माझा आणि गुडघे तिचे. "तुझी तत्त्वं तू पॅडलनं मार, माझे गुडघे मला परत घरी न्यायचेत," असं तिनं दुकानातच सुनावलं. त्या बॅटरीची कथा पुढे येईलच.

पश्चिमेकडचा हा रस्ता फार शहाण्यासारखा काढलाय असं मला वाटत होतं. एका बाजूला लाइथाच्या टेकड्या, त्यांच्या उतारावर द्राक्षमळे, खाली बोरू, आणि मधून आमची पायवाटेपेक्षा थोडी रुंद अशी डांबरी पट्टी. मोटार नाही, हॉर्न नाही. पण दुसऱ्या तासाला लक्षात आलं की हा रस्ता आमच्यासाठी कुणी काढलेलाच नव्हता. मळ्यांत ट्रॅक्टर न्यायचे शेतरस्ते आहेत हे. त्यांनाच जोडून, फाट्याफाट्यावर सायकलीच्या पाट्या ठोकून सव्वाशे किलोमीटरचा तळ्याभोवतीचा फेरा तयार झालाय. काही तुकड्यांवर तर नुसत्या काँक्रीटच्या दोन समांतर पट्ट्या आहेत, ट्रॅक्टरच्या चाकांपुरत्या, मध्ये गवत. एका पट्टीवर ताई, दुसरीवर मी. रेल्वेच्या दोन रुळांसारख्या शेजारी शेजारी बोलत जात होतो आणि ट्रॅक्टर आला की मुकाट गवतात उतरत होतो. मान त्याचा. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता, तोडणी जोरात होती. ट्रेलरमधून रस सांडून रस्त्यावर काळपट ठिपक्यांची रांग उमटलेली असायची. त्यावर गांधीलमाश्या. आमचे टायर त्यावरून जाताना चिकटपट्टी सोलल्यासारखा बारीक आवाज करायचे.

हे बारीक आवाज हीच या प्रवासाची खरी कमाई. शहरात सायकल चालवताना कान पाठीमागे लावून ठेवायची सवय लागते. मागून येणारी गाडी किती जवळ आली, ट्रक आहे की रिक्षा, हे मान न वळवता ओळखायचं. त्या पहारेकरी कानाला इथे कामच उरलं नाही. पहिल्या दिवशी तो उगाचच बावचळून मागे मागे जात राहिला. दुपारनंतर कधीतरी तो पुढे आला आणि मग माझ्याच सायकलचे आवाज ऐकू यायला लागले. पॅडल थांबवलं की मागच्या चाकाची टकटक. चौथ्या गिअरला चेन किंचित कुरकुरते. मडगार्डला गवताची काडी अडकली की फडफड. ताईचं गुणगुणणं, जे तिचं तिलाही माहीत नसतं.

आणि मग धडाम!

मी ब्रेक इतका करकचून दाबला की जवळजवळ हँडलवरूनच गेले. ताई तर सरळ वेलींच्या रांगेत शिरली. अर्ध्या मिनिटानं पुन्हा धडाम, आणि मळ्यातून पक्ष्यांचा एक काळा ढग उठला, आकाशात दोनदा मोडला, जुळला आणि तीन रांगा पलीकडे जाऊन बसला. स्टार्लिंग होत्या, आपल्या भोरड्यांच्या चुलतबहिणी. आपल्याकडे ज्वारीवर पडतात तशा या पिकल्या द्राक्षांवर पडतात, आणि त्यांना उडवायला मळेवाले गॅसवर चालणाऱ्या तोफा लावतात. पूर्वी यासाठी राखणदार असत, खुळखुळे घेऊन मळाभर हिंडत. आता यंत्र ठरावीक वेळानं आपोआप वाजतं. पक्ष्यांना त्याची वेळ पाठ झालेली दिसली. आम्हाला शेवटपर्यंत झाली नाही.

पुर्बाख गावात एका धुराड्यावर तुर्की सैनिकाचा दगडी अर्धपुतळा आहे. सोळाव्या शतकातल्या स्वारीत तो तळघरातली वाइन पिऊन झोपला, फौज निघून गेली आणि जाग आल्यावर पळायला म्हणून धुराड्यात घुसला तो तिथेच अडकला, अशी दंतकथा. खरीखोटी देव जाणे. दुपारी अडीच वाजता अर्धवट आंबलेल्या द्राक्षरसाचा पेला रिचवल्यावर मला ती शंभर टक्के पटली होती. या दिवसांत मिळणाऱ्या त्या गढूळ रसाला श्टुर्म म्हणतात, म्हणजे वादळ. बाटलीला घट्ट बूच लावत नाहीत, कारण आत आंबणं चालूच असतं. पिशवीत आडवी ठेवायची नाही, असं बजावून दिली होती. ताईनं ती आडवीच ठेवली. तिच्या पिशवीतल्या सगळ्या कपड्यांना पुढचे तीन दिवस तळघराचा वास येत होता.

मुक्काम रुस्टला. जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव, पण कागदोपत्री शहर. 1681 मध्ये या लोकांनी सम्राट लिओपोल्ड पहिला याच्याकडून स्वतंत्र शहराचा दर्जा चक्क विकत घेतला. किंमत 60,000 सोन्याची नाणी आणि वर 500 पिंपं वाइन. धुराड्याधुराड्यावर करकोच्यांची घरटी आहेत, बैलगाडीच्या चाकाएवढी. आम्ही गेलो तेव्हा ती रिकामी होती. करकोचे ऑगस्टातच आफ्रिकेकडे निघून जातात. उन्हाळाभर चोची वाजवून ते गाव डोक्यावर घेतात म्हणे. आम्हाला नुसती घरटी, त्यातून खाली लोंबणाऱ्या काड्या आणि छपरांवर चुन्यासारखे पांढरे ओघळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळं पहिल्यांदा आमच्याकडे आलं, म्हणजे धुकं होऊन. खिडकीबाहेर समोरचं घरही दिसेना. नऊ वाजता सायकली काढल्या तर वेलींच्या तारांवर थेंबांच्या माळा, हँडल ओलं, भुवया ओल्या. रस्त्यालगतच्या एका रांगेत तोडणीवाल्यांनी मुद्दाम सोडलेले घड दिसले. वाकून बघितलं. अर्धे दाणे सोनेरी, टपोरे. बाकीचे तपकिरी-जांभळे, सुरकुतलेले, अंगावर राखेसारखी मऊ बुरशी. घरी असा घड आला असता तर सरळ कचऱ्यात गेला असता. तिथे काम करणाऱ्या बाईंनी आमचे चेहरे बघून एक दाणा काढून ताईच्या तळहातावर ठेवला. ताईनं निम्मा मला दिला. आधी कुजका, ओल्या लाकडासारखा वास, आणि मग मधात बुडवलेल्या बेदाण्यासारखी अशी काही गोडी की दोघी गप्प.

ही बुरशी दाण्याच्या सालीला बारीक भोकं पाडते, आतलं पाणी उडून जातं, साखर आणि आंबटपणा घट्ट होत जातात. रुस्टची प्रसिद्ध गोड वाइन याच दाण्यांची. पण त्यासाठी सकाळी दमट धुकं आणि दुपारी कोरडं ऊन अशी दोन्ही माणसं कामावर हजर लागतात. नुसतीच झड लागली तर तीच बुरशी सगळा घड नासवते. धुकं पुरवतं ते तळं. इतकं उथळ पाणी, सगळ्यात खोल जागी 1.8 मीटर, उन्हाळाभर कोमट होतं आणि शरदातल्या थंड रात्री त्याची वाफ मळ्यांवर पसरते. म्हणजे आदल्या दिवशी ज्याच्या नावानं आम्ही खडे फोडत होतो, ते आम्ही संध्याकाळी पेल्यातून पीत होतो.

म्योर्बिश हे तळ्याकाठचं ऑस्ट्रियातलं शेवटचं गाव. पांढऱ्या चुन्याच्या भिंती, अरुंद बोळांतून समोरासमोर घरं, दाराशी कण्हेरीच्या कुंड्या, छताखाली टांगलेली मक्याची कणसं. तिथे एका अंगणात आम्ही कॉफीला थांबलो. ताईनं आयुष्यभर जर्मन शिकवलं, त्यामुळे ती कुठेही पाच मिनिटांत माणसं जोडते. अंगणाच्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, हात खरखरीत, बोटांना अजून रसाचे डाग. ताई त्यांना सांगत होती, काय सुंदर शांतता आहे हो तुमच्याकडे, एक मोटार नाही.

बाई म्हणाल्या, "शांत तर तेव्हाही होतं."

तेव्हा म्हणजे त्यांच्या लहानपणी. रस्ता त्यांच्या गावात संपायचा. पुढे तार, तारेपलीकडे पहाऱ्याचे मनोरे. आधी सुरुंग होते, पुढे स्पर्श झाला की विजेचा इशारा जाणारं कुंपण आलं. त्यांच्या वडिलांच्या मळ्याचा एक तुकडा पलीकडे गेला तो गेलाच. 1921 मध्ये बुर्गनलांड, म्हणजे हा सगळा प्रांत, ऑस्ट्रियाकडे आला, मतदानानंतर शेजारचं शोप्रोन शहर हंगेरीत राहिलं, आणि सीमारेषा तळ्याच्या पाण्यातून आणि बोरूतून आखली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरी कम्युनिस्ट गोटात गेला आणि त्या रेषेची भिंत झाली. वाटसरू नाही, व्यापारी नाही, पलीकडच्या गावच्या जत्रेचा आवाज नाही. पाच किलोमीटरवरच्या गावात काय चाललंय ते चाळीस वर्षं कळलं नाही, असं त्या अगदी सहज सांगत होत्या, कॉफीत साखर ढवळत. कुत्री भुंकायची तेवढी ऐकू यायची.

त्यानंतर ताईनं शांततेचं कौतुक करणं बंद केलं. दिवसभर.

गावाबाहेर चढ सुरू होतो. आख्ख्या फेऱ्यातला नाव घ्यावं असा हा एकच चढ. मळे संपतात, झाडी लागते आणि झाडीत सीमा. म्योर्बिशहून हंगेरीतल्या फर्ट्योराकोशला जाणारी ही वाट आजही फक्त पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांसाठी खुली आहे, मोटारींना मज्जाव. हंगेरी डिसेंबर 2007 मध्ये शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातली सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटात, आल्यापासून पासपोर्टही कुणी रोज बघत नाही. मी श्वास घ्यायला थांबले तर एक पाय ऑस्ट्रियात आणि एक हंगेरीत होता. जवळच खडकात रोमन काळातलं मिथ्र देवाचं छोटं देऊळ आहे. मिथ्र म्हणजे आपल्या वेदांतल्या मित्राचा दूरचा नातलग. रोमन सैनिकांबरोबर तो इथवर कसा पोहोचला असेल, या विचारात मी रमले. ताईला मात्र उतार दिसत होता.

फर्ट्योराकोशपासून थोडी वाकडी वाट करून आम्ही सीमेवरच्या एका माळावर गेलो. 19 ऑगस्ट 1989 ला इथे 'पॅन-युरोपियन पिकनिक' नावाचा सहलीचा कार्यक्रम ठरला होता. दोन्ही देशांची मंडळी जमणार आणि सीमेवरचं लाकडी फाटक तीन तासांसाठी प्रतीकादाखल उघडणार. तेवढ्यात सहाशेहून जास्त पूर्व जर्मन नागरिक, मुलं कडेवर घेऊन, त्या फाटकातून पलीकडे पळाले. पहाऱ्यावरचे अधिकारी आर्पाद बेल्ला यांना स्पष्ट आदेश नव्हता. त्यांनी गोळी न चालवायचं ठरवलं. बर्लिनची भिंत पडायला अजून जवळजवळ तीन महिने होते. आज तिथे स्मारकं आहेत, माहितीचे फलक आहेत, आणि गवत. आम्ही गेलो तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. ताई फलकावरचा प्रत्येक शब्द वाचत होती आणि मी त्या रस्त्याकडे बघत होते. एवढासाच रस्ता. धावत गेलं तर मिनिटभराचाही नाही.

हंगेरीच्या बाजूबद्दल खरं सांगायचं तर शांतता सलग मिळत नाही. गावांमधून मोटारींबरोबर रस्ता वाटून घ्यावा लागतो आणि माझा पहारेकरी कान लगेच पाठीमागे जाऊन बसला. फर्ट्योडचा एस्टरहाझी राजवाडा भव्य आहे. संगीतकार हायडननं इथे वर्षानुवर्षं चाकरी केली. पण सायकलवरून उतरल्यावर भव्य जिन्यांपेक्षा बाक बरा वाटतो, एवढंच मला आठवतंय. शिवाय माझ्याकडे फोरिंट, म्हणजे हंगेरीचं चलन, नव्हते आणि एका ठिकाणी कार्ड चालेना, म्हणून रात्रीच्या जेवणाचं बिल ताईनं भरलं आणि अजून ऐकवते.

तिसऱ्या दिवशी कालवा ओलांडून परत ऑस्ट्रियात. हा कालवा म्हणजे तळ्याचं बाहेर पडायचं कृत्रिम दार. या तळ्याला नैसर्गिक वाटच नाही. पाऊस भरतो आणि ऊन रिकामं करतं, असा त्याचा जमाखर्च. 1860 च्या दशकात ते हळूहळू पूर्ण आटलं, लोकांनी तळात नांगर घातले, आणि काही वर्षांनी पाणी परत आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खोदलेल्या या कालव्यानं जादा पाणी काढून देता येतं, पण कोरड्या वर्षी भर कुठून घालायची याचं उत्तर त्याच्याकडे नाही. याच कालव्यावर थोडं पूर्वेला आन्डाऊचा लाकडी पादचारी पूल आहे. सोव्हिएत सत्तेविरुद्धच्या 1956 च्या उठावानंतर सुमारे 70,000 हंगेरियन तिथल्या मूळ पुलावरून पलीकडे गेले; आजचा पूल नंतर पुन्हा बांधलेला. ताई म्हणाली, जाऊन येऊ. मी नकाशा बघून नको म्हटलं. ते नको मला अजून टोचतं.

पुढे झेविंकलचा सपाट प्रदेश. टेकडी नाही, झाडही क्वचित. उथळ, खारट डबकी, त्यांच्या काठांवर मिठाची पांढरी साय, कुठे राखी गुरं, कुठे पाणपक्ष्यांचे थवे. इथे मोटार नव्हती, तोफ नव्हती, बोरूही लांब गेला होता. होता तो फक्त वारा, वायव्येचा, आणि आम्हाला जायचं होतं उत्तरेला. इल्मिट्झ सोडलं आणि दहा मिनिटांत ताईची बॅटरी संपली.

बॅटरीविना ई-बाईक म्हणजे पंचवीस किलोचं लोढणं. ताई उतरली, म्हणाली, "तू हो पुढे, मी ढकलत येते." हे ती ज्या आवाजात म्हणाली तो मी लहानपणापासून ओळखते. सायकली बदलल्या. माझी तत्त्वं तिच्या बुडाखाली, तिची बॅटरी माझ्या. अकरा-बारा किलोमीटरला आम्हाला दोन तासांवर लागले. सगळ्यात हलका गिअर, मान खाली, नजर पुढच्या चाकावर. कानात वाऱ्याचा घोंघाट असा की दोन हातांवरची ताई काय बोलतेय ते ऐकू येईना. तीन दिवस ज्या शांततेचे गोडवे गायले, तिच्यात ओरडून बोलावं लागत होतं. मध्ये एकदा थांबलो, श्टुर्मची उरलेली बाटली काढली, तोपर्यंत ते वादळ पार आंबून गेलं होतं. तरी संपवलं.

पोडर्सडॉर्फच्या अलीकडे वेलींची शेवटची रांग संपली आणि डावीकडे काहीतरी हललं. आधी वाटलं परत बोरू. मग त्यावर पांढऱ्या रेघा दिसल्या. लाटा. तळ्याकाठच्या गावांपैकी इथेच किनारा बोरूपासून मोकळा आहे. समोर राखाडी, गढूळ, वाऱ्यानं ढवळून निघालेलं पाणी क्षितिजापर्यंत. नकाशातला निळा रंग कुठल्या कोपऱ्यातही नव्हता.

ताईनं सायकल गवतावर आडवी केली, बूट काढले, विजार गुडघ्यावर गुंडाळली आणि काठच्या गोट्यांवरून आई आई करत आत शिरली. मी काठावर बसून तिची पावलं मोजायला लागले. वीस, चाळीस, साठ. किनाऱ्यावरची दोन मुलं तिच्याकडे बघत थांबली. ऐंशीला ती वळली. वाऱ्यात तिचा आवाज तुटत होता.

"अगं, अजून गुडघ्याएवढंच आहे!"

आणि पुढे चालायला लागली.